स्टेपनीची जागा

मोटारीला चाके किती, असे विचारले तर आपण पटकन चार म्हणतो. पाचवे चाक कुणाच्या मोजणीत येत नाही. गाडी घेताना आपण रंग पाहतो, ॲव्हरेज विचारतो, डिकी उघडून दोन बॅगा आणि पाण्याचा एक जार मावेल का याचा अंदाज घेतो. त्या डिकीतला गालिचा उचलून खाली काय आहे हे पाहणारा विरळाच. तिथे एक चाक निमूट पडलेले असते. त्याची आठवण होते ती रस्त्याच्या कडेला, बहुधा अंधार पडल्यावर आणि बहुधा पावसात.

मी कविता लिहिणारा माणूस. टायरवर हा काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण कविसंमेलने आणि मुशायरे यांच्या निमित्ताने पंचवीस-तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या गाड्यांतून रात्री-अपरात्री हिंडलो आहे. कार्यक्रम रात्री एकला संपतो, चहा होतो आणि मग चार कवी एका गाडीत बसून दीडशे किलोमीटरवरच्या घराकडे निघतात. अशा प्रवासांत मला जितक्या ओळी सुचल्या, जवळपास तितक्याच वेळा मी जॅकचे हँडलही फिरवले असेल. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. स्टेपनी नसण्यापेक्षा न बसणारी स्टेपनी जास्त घात करते. स्टेपनी नसली तर माणूस सावध असतो, जपून निघतो. डिकीत चाक आहे असे समजून निघालेला माणूस मात्र बेसावध असतो.

म्हणून आज एवढाच विषय. स्टेपनी हरवली, फाटली किंवा गाडीबरोबर मिळालीच नाही, तर तिच्या जागी दुसरी कोणती घ्यावी?

एका रस्त्याचे नाव

आधी या शब्दाविषयी थोडे, कारण शब्द हा माझा धंदा. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या दोन भावांचा व्यवसाय होता. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की भर रस्त्यात टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि टायर पुन्हा चढवायचा. १९०४ च्या सुमारास या भावांनी तोडगा काढला. आरे नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. ही रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून आवळायची आणि पुढे निघायचे. रस्त्याच्या नावावरून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. पुढे मोटारींना त्यांचे स्वतःचे पाचवे चाक मिळाले आणि इंग्लंडमध्ये तो शब्द मागे पडला. आपल्याकडे मात्र तो असा रुजला की पंक्चरच्या दुकानापासून बोलीतल्या थट्टेपर्यंत सगळीकडे चालतो. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतात, ते याच रस्त्यामुळे.

डिकीचेही तसेच. जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडमीट होणारे एक जादा आसन असे, त्याला इंग्रजीत डिकी म्हणत. आसन गेले, त्या जागी सामान आले, नाव तेच राहिले. म्हणजे स्टेपनी आणि डिकी हे दोन्ही शब्द मूळ घरी जुने झाले आणि आपल्याकडे सुखाने नांदत आहेत. अलीकडे भांडण आहे ते जागेचे. डिकीला स्टेपनी नकोशी झाली आहे.

जागा कुठे गेली?

याला तीन कारणे आहेत. पहिले सीएनजी. सिलिंडर डिकीत आला की स्टेपनीचा खळगा त्याच्या स्टँडखाली जातो. काही कंपन्यांनी यावर उपाय काढले. २०२३ मध्ये टाटांनी अल्ट्रोझ गाडीत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवले आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. पण बाहेरच्या गॅरेजात सीएनजी बसवलेल्या हजारो जुन्या गाड्यांत स्टेपनी निर्वासितासारखी फिरत असते. कधी मागच्या सीटला टेकून उभी, कधी घराच्या गच्चीवर.

दुसरे कारण मोठ्या रिमचा सोस. चार चाके अलॉयची, रुंद टायरची करून घेतली जातात आणि पाचवे जुनेच राहते, किंवा ते विकून पैसे वळते केले जातात.

तिसरे कारण कायद्याचे. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. बॅटरीवरच्या गाड्यांना जागा हवी होती, ती त्यातून मिळाली. हा संच म्हणजे टायरमध्ये सोडायचा चिकट द्राव आणि लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा शिरला असेल तर त्याने काम भागते. पण खड्ड्याच्या धारेने टायरची कड फाटली तर त्या द्रावाचा उपयोग नाही. शिवाय द्रावाच्या बाटलीलाही मुदत असते. आपल्याकडचे खड्डे कड फाडण्यात वाकबगार आहेत, हे मी वेगळे सांगायला नको.

तीन चाके, एक डिकी

एका उदाहरणाने पुढे जाऊ. माझा एक भाचा आमच्या तालुक्याच्या गावाहून सोलापूरला भाड्याची गाडी चालवतो. त्याची नेहमीची गिऱ्हाइके डायलिसिसची माणसे आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा जायचे, चार तास यंत्राला लागून राहायचे आणि परत यायचे. त्यांची पाळी ठरलेली असते. सातची पाळी गाठायची तर पहाटे पाचला निघावे लागते. वाटेत तास-दोन तास गेले तर त्या यंत्रावर पुढचा रुग्ण आलेला असतो. अशा गाडीत स्टेपनी ही चैनीची वस्तू नव्हे.

त्याने जुनी सेडान घेतली, सीएनजी बसवलेली. चारही चाके १५ इंची अलॉयची. स्टेपनीच्या खळग्यात फक्त पान्यांची पिशवी आणि जुनी फडकी. मूळ स्टेपनी कुठे गेली हे कुणालाच सांगता येईना. भाचा मला म्हणाला, ''मामू, डिक्की में जगाच नै.'' आमच्या घरच्या दखनीतला हा 'च' थेट मराठीचा आहे आणि मराठीइतकाच ठाम आहे. तो आला की विषय संपला असे समजायचे. पण मी म्हटले, आधी मोजू या, मग 'च' लावू.

जुन्या बाजारात त्याच्यापुढे तीन चाके आली. पहिले त्याच्या चारही चाकांसारखेच, १५ इंची अलॉयवर १८५/६५ आर १५ मापाचा टायर. दुसरे परदेशी गाडीतून निघालेले बारीक, पिवळा स्टिकर लावलेले तात्पुरते चाक. तिसरे त्याच्याच मॉडेलच्या स्वस्त प्रकारातले १४ इंची लोखंडी रिमचे, १६५/८० आर १४ मापाचे. दुकानदार पहिले चाक गळ्यात मारायला बघत होता, कारण ते महाग होते. भाच्याला दुसरे आवडले, कारण ते लहान होते. उत्तर शोधायचे तर प्रत्येक चाकाला तीन प्रश्न विचारावे लागतात. जागेला बसते का? गाडीला बसते का? वेळेला उभे राहील का?

जागेला बसते का?

टायरच्या कडेवरचे आकडे मंत्रासारखे दिसतात, पण ते साधे माप आहे. १८५/६५ आर १५ घ्या. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदतात.

आता हिशोब. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. रिमच्या वर एक कड आणि खाली एक कड, म्हणून दुप्पट, २४०.५ मिमी. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. बेरीज ६२१.५ मिमी. हा झाला पूर्ण चाकाचा व्यास. दुसरीकडे १६५/८० आर १४ घ्या. १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४, रिम ३५५.६, बेरीज ६१९.६ मिमी. दोन्ही व्यासांत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. रिम एक इंचाने लहान असूनही चाक तेवढेच उंच. काही गाड्यांच्या वरच्या प्रकारात चारही चाके १५ इंची आणि स्टेपनी १४ इंची देतात, त्यामागे हेच गणित आहे.

मग फरक कुठे आहे? जाडीत. एक टायर १८५ मिमी रुंद, दुसरा १६५. डिकीत चाक आडवे झोपते, त्यामुळे रस्त्यावरची रुंदी तिथे उंची होते. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण डिकीची फळी सपाट बसणार की कुबड काढणार, हे तेवढ्यानेच ठरते.

मोजायची पद्धत सोपी आहे. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. मधोमध खिळा, त्याला दोरी, दोरीला पेन्सिल. व्यासाच्या निम्मी दोरी धरून वर्तुळ काढा आणि चकती कापा. ती खळग्यात टेकून बसली तर व्यासाचा प्रश्न मिटला. मग खळग्याच्या तळापासून वरच्या फळीपर्यंत किंवा सिलिंडरच्या स्टँडपर्यंत किती उंची आहे ती मोजा. दुकानात चाक जमिनीवर आडवे ठेवा, त्यावर पट्टी टेकवा आणि त्याची खरी जाडी मोजा. टायरवर छापलेल्या रुंदीवर विसंबू नका. अलॉयचा फुगवटा बाहेर येत असेल तर जाडी वाढते. खळग्याच्या मधला मोठा स्क्रू रिमच्या भोकातून वर यायला हवा आणि त्याची फिरकी आवळली जायला हवी. अलॉयला तो कधी कधी आखूड पडतो.

भाच्याच्या डिकीत तळापासून स्टँडच्या आडव्या पट्टीपर्यंत २१ सेंटिमीटर भरले. अलॉयचे चाक साडेएकोणीस. दुकानदाराने टायरची हवा सोडून ते आत सरकवून दाखवले. हवा भरली आणि ते बाहेर निघेना. लोखंडी चाक १७ सेंटिमीटर. वर चार सेंटिमीटर मोकळे, त्यामुळे मागची कड उचलून ते तिरपे झाले आणि सहज बाहेर आले.

इथे कळीचा मुद्दा आहे. जागेला बसणे म्हणजे आत जाणे नव्हे, बाहेर येणे. आणि तेही सिलिंडरला हात न लावता. सीएनजीच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो, म्हणजे चाकातल्या हवेच्या शंभरपट. त्याचा पट्टा रस्त्यावर सैल करून स्टेपनी काढायची असा बेत असेल, तर ती स्टेपनी नसलेलीच बरी. खळगा अजिबात वापरता येत नसेल आणि चाक उभे ठेवावे लागत असेल, तर ते पट्ट्याने गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधा आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून दूर ठेवा. बारा-पंधरा किलोचे मोकळे चाक जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्या सीटपर्यंत येऊ शकते.

ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आहे, त्यांनी ती लटकवणारी साखळी किंवा तार वर्षातून एकदा खाली सोडून पाहावी. चिखल आणि गंज यांनी ती जाम होते. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर मूळ मापापेक्षा जड चाक लावू नये. बिजागरीने तेवढेच वजन धरायचे ठरलेले असते.

गाडीला बसते का?

पुष्कळ लोक इथे नट मोजून थांबतात. चार नटांची गाडी, चार भोकांचे चाक, झाले. तसे नसते. ही भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुळावा लागतो. चार भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजायचे. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत ते १०० मिमी असते, पण जुन्या मारुती ८०० मध्ये ११४.३ होते. नट तेवढेच, माप निराळे. त्यानंतर रिमचे मधले भोक. ते गाडीच्या हबवर नीट बसले पाहिजे. लहान असेल तर चाक चढतच नाही.

तिसरी गोष्ट पुढच्या ब्रेकची. डिस्क ब्रेकच्या वर लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. रिम लहान झाली की ती त्याला घासू शकते. म्हणून स्टेपनी पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांच्या जागी बसवून, नट आवळून, हाताने गरगर फिरवून पाहावी. चौथी गोष्ट नटांची बैठक. कुठे ती शंकूसारखी असते, कुठे गोल. अलॉयचे नट लोखंडी रिमला चालतीलच असे नाही. चालत नसतील तर वेगळा संच स्टेपनीबरोबरच बांधून ठेवावा.

मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ८५ टी. ८५ म्हणजे तो टायर ५१५ किलो भार पेलतो. ८८ असेल तर ५६० किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. स्टेपनीचा भाराचा आकडा गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी नको. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने मान्य केलेली मापे आणि हवेचा दाब दिलेला असतो. दुकानदार, मित्र आणि माझ्यासारखा कवी, या तिघांपेक्षा त्या तक्त्याचे ऐकावे.

आता भाच्याच्या आवडत्या बारीक चाकाकडे येऊ. त्यावर टी १२५/७० डी १५ असे लिहिले होते. इथे सुरुवातीचा टी म्हणजे टेम्पररी, तात्पुरते. हिशोब केला तर व्यास ५५६ मिमी, म्हणजे त्याच्या इतर चाकांपेक्षा साडेसहा सेंटिमीटरने लहान. कागदावर मांडले तर एका किलोमीटरला त्याचे मोठे चाक ५१२ फेरे घेते आणि हे छोटे ५७२. एकाच आसाच्या दोन टोकांना असा साठ फेऱ्यांचा फरक पडला की मधल्या डिफरन्शियलला तो सतत सोसावा लागतो. वळणावर तो असे काम करतोच, पण वळण संपते. हे वळण संपत नाही.

असे चाक वाईट असते असे नाही. ज्या गाडीसाठी ते बनवले, त्या गाडीच्या कंपनीने व्यास, ब्रेक आणि भार जुळवून ते दिलेले असते. त्याला वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि हवा ६० पीएसआय, म्हणजे साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. तिथे असे चाक लावून जायचे तर डावीकडची लेन धरायची, पुढच्या बाहेर पडण्याच्या वाटेने उतरायचे आणि टायरवाला गाठायचा. दुसऱ्याच गाडीतले तात्पुरते चाक केवळ डिकीत मावते म्हणून घेणे मात्र बरोबर नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांवर असते. स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असेल आणि पंक्चर पुढे झाले असेल, तर मागचे चांगले चाक पुढे घ्यावे आणि स्टेपनी मागे लावावी. दहा मिनिटे जास्त लागतात, पण गाडी सरळ चालते.

वेळेला उभे राहील का?

टायर चालल्याने झिजतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो पडून राहिल्यानेही म्हातारा होतो, हे पुष्कळांना पटत नाही. रबराला उष्णता आणि हवा दोन्ही लागतात. आमच्या सोलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत त्याहून जास्त तापते. नक्षी कोरी करकरीत दिसते, आत रबर कडक झालेले असते.

२०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका बसचा पुढचा टायर फुटून अपघात झाला आणि तिघांचा जीव गेला. तपासात निघाले की तो टायर १९ वर्षांहून जुना होता. त्याची नक्षी मात्र कायद्यात बसण्याइतकी शिल्लक होती. त्या अपघातात मुलगा गमावलेल्या एका आईने अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी झाली. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही सांगतात की दहा वर्षे झालेला टायर, तो स्टेपनीचा असला तरी, बदलून टाकावा. काही मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात.

वय ओळखायचे कसे? टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, जून महिना. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहावा. जुन्या बाजारात आकडे खरवडलेले दिसले तर पुढे बोलणेच नको. आयएसआयचा शिक्का पाहावा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, ते दीड मिलिमीटरच्या थोडे वर असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कडेला बारीक भेगा, फुगवटा किंवा आतून लावलेले ठिगळ दिसले तर तो टायर घेऊ नये.

चार नवे टायर घ्याल तेव्हा जुन्या चारांपैकी सर्वांत बरा स्टेपनीला ठेवता येतो, पण त्याचे वय तपासूनच. पाचही चाके हुबेहूब सारखी असतील तर स्टेपनीलाही आळीपाळीने रस्त्यावर आणा. मग ती पडून म्हातारी होत नाही. माप वेगळे असेल तर हा उपाय नाही.

आणि हवा. पडलेल्या चाकातूनही ती हळूहळू जाते. पेट्रोल पंपावर चार चाके तपासून आपण निघतो, पाचव्यासाठी सामान कोण काढणार? महिन्यातून एकदा तरी काढावे. तक्त्यात दिलेल्या सर्वांत जास्त दाबाइतकी हवा स्टेपनीत ठेवावी. कमी करणे रस्त्यावर जमते, भरणे जमत नाही.

रंगीत तालीम

भाच्याने शेवटी १४ इंची लोखंडी रिम घेतली आणि तिच्यावर नवा टायर चढवून घेतला. रिम जुनी चालते, टायर नवा असावा, हा सल्ला त्याला महामार्गावरच्या एका केरळी टायरवाल्याने दिला. आपल्या हमरस्त्यांवर दूर केरळातून येऊन रात्रभर दिवा लावून बसणारी ही मंडळी किती प्रवाशांच्या उपयोगी पडतात, त्याची नोंद कुठेच नसते.

मग अंगणात तालीम झाली. पाना नटांना बसतो का, जॅक गाडीखाली जातो का, हँडल सापडते का, सिलिंडरला न हलवता चाक निघते का. पहिल्यांदा चाळीस मिनिटे लागली, तिसऱ्यांदा अठरा. पुढे एका पहाटे वाटेत खिळा लागला तेव्हा मागच्या सीटवर एक काका डायलिसिसला निघालेले होते. भाच्याने चाक बदलले आणि सातची पाळी चुकली नाही. काकांनी विचारले, ''काय झालं होतं रे?'' तो म्हणाला, ''काही नाही काका, पाणी प्यायला थांबलो होतो.''

चांगल्या स्टेपनीची ओळख हीच. तिच्यामुळे गोष्ट घडत नाही, गोष्ट टळते. म्हणून तिची निवड दुकानातल्या चकाकीवर होऊ नये. आधी आपल्या डिकीचे माप घ्यावे, मग गाडीच्या तक्त्यातले, मग टायरच्या जन्माची तारीख. या तिन्हीत बसणारे चाक देखणे नसेलही. लोखंडी असेल, बाकीच्या चौघांत वेगळे दिसेल. दिसू द्या. ते मिरवण्यासाठी नसतेच. पुढच्या सुट्टीला अर्धा तास काढा, डिकीतले सामान खाली ठेवा, गालिचा उचला आणि त्या चाकाची हवा एकदा बघून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)